भिंतीपलीकडची गुणगुण

आमचा बँड पाच वर्षं चालला. तिघांनी सुरू केला आणि दोघांनी संपवला. सगळी मिळून सतरा गाणी, त्यातलं सर्वांत मोठं अडीच मिनिटांचं. मी ड्रम वाजवायचे. आता मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते, हरिहरेश्वरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते आणि शाळेत कोणालाही यातलं काही ठाऊक नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. कोणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायचं तर सुरुवात कुठून करायची ते सुचलं नाही.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्या बदल्या व्हायच्या, त्यामुळे माझं लहानपण म्हसळा, मुरूड, पोयनाड असं तुकड्यातुकड्यांनी गेलं. सुट्टीत मात्र आम्ही गावी वाडीत असायचो. तिथे जयंतीच्या आधी गायन पार्टीची तालीम चालायची. ढोलकी वाजवणारे काका आमच्या शेजारचे. मी त्यांच्यासमोर हलायचीच नाही, म्हणून एक दिवस त्यांनी ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने वडिलांना म्हणाले, "पोरीच्या हाताला वजन हाय." पुढच्या सुट्टीत वडिलांनी मला ढोलकी आणून दिली.

अलिबागच्या कॉलेजात गेले तेव्हा गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्राला ड्रम वाजवणारं कोणी नव्हतं. मी बसले. तिथे मला बाकीचे दोघे भेटले.

एक पेणजवळच्या आगरी घरातला. घरची मिठागरं होती. पुढे त्यावर भराव पडला आणि त्याचे भाऊ ट्रेलरच्या धंद्यात उतरले. तो उंच, हाडकुळा, कमी बोलणारा, आणि गिटार वाजवायचा. दुसरा आगरदांड्याचा. त्याचे वडील जेट्टीजवळ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि हाही सुट्टीत तेच करायचा, त्यामुळे नखांत कायम काळं. त्याच्याकडे बास गिटार होती. नागावच्या एका रिसॉर्टवर वाजवणारा म्हातारा गोव्याला परत जाताना ती त्याला देऊन गेला होता. बासच्या चार जाड तारांतून नुसता घुमणारा आवाज निघतो. गाण्यात तो असतो तेव्हा कोणाचं लक्ष जात नाही. तोही तसाच होता. आमच्यात चहा आणणारा, वायर गुंडाळून ठेवणारा, दोघांचं भांडण झालं की मध्येच कुठली तरी भलतीच गोष्ट काढणारा.

गिटारवाल्याचा मामा किहीमकडे एका मुंबईवाल्यांच्या बंगल्यावर राखणदार होता. मालक वर्षातून दोनदा यायचे. त्यांच्या हॉलमध्ये सीडींचं एक कपाट होतं आणि मामाने भाच्याला ते उघडायची मोकळीक दिली होती. अट एकच, आम्ही मागच्या सुपारीच्या बागेला पाणी घालायचं. दुपारी कॉलेज बुडवून आम्ही तिघं तिथे फरशीवर बसायचो. कपाटात पुष्कळ गर्दीचं संगीत होतं, पण खालच्या कप्प्यात काही वेगळं होतं. कोरडं. गिटार दोनच सूर धरून बसलेली, ड्रम एखाद्या यंत्रासारखा, गाणारा जवळजवळ बोलतोय. दोन आवाजांच्या मध्ये काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्याची आपण वाट बघतोय. त्याला पोस्ट-पंक म्हणतात हे आम्हाला फार नंतर कळलं. गिटारवाला म्हणाला, "मिठागरावर दुपारी असंच असतं." मी पोयनाडला राहिले होते, मिठागरं बघितली होती, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

बंगल्याच्या गॅरेजमध्ये आम्ही तालीम सुरू केली. गाणी तोच लिहायचा, चार-पाच ओळींची, त्याच्या घरच्या बोलीत. भावाने विकलेला बैल, आईच्या पायाला मिठाने पडलेल्या भेगा, खाडीवरचा बांध फुटला त्या दिवशी घरात कोणी काय केलं. गाताना तो आवाज चढवायचा नाही. आम्ही काही वाजवलं की तो एकच प्रश्न विचारायचा, "कनाला?" म्हणजे कशाला. हा ठोका कनाला? हा सूर कनाला? उत्तर देता आलं नाही की ते काढून टाकायचं. मला ते आवडायचं. गणितातही असंच असतं, जे लागत नाही ते खोडायचं.

मुंबईला पहिल्यांदा वाजवायला निघालो तेव्हा मांडव्याच्या जेट्टीवर लाँचमध्ये सामान चढवताना माझ्या ड्रमसेटची पितळी झांज बासवाल्याच्या हातातून निसटली आणि बोट नि धक्का यांच्या मधल्या फटीतून सरळ पाण्यात गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला काही बोलणार, तेवढ्यात गिटारवाला शांतपणे म्हणाला, "जाऊ दे. आज तिच्याबिगर वाजवू." त्या संध्याकाळी मी दोनच ड्रमवर वाजवलं आणि तिथल्या वीस-पंचवीस माणसांत एकदम शांतता झाली. पुन्हा झांज घ्यायचा विषय निघाला नाही.

आमचा प्रवास असा फार मोठा नव्हता. मुंबईत दोन-तीन छोट्या जागा, पुण्याची एक-दोन कॉलेजं, एकदा बडोदा. अलिबागच्या एका गणपती मंडळाने बोलावलं आणि तिसऱ्या गाण्यानंतर अध्यक्ष स्टेजवर येऊन म्हणाले, "आता जरा नाचायचं काहीतरी लावा." आमच्याकडे तसलं काही नव्हतं. आम्ही सामान उतरवलं आणि मागे बसून प्रसादाचा शिरा खाल्ला. बासवाला हसत होता. म्हणाला, "तीन गाणी ऐकली हेच फार झालं." गिटारवाल्याला हसू आलं नाही.

मुंबईत आम्हाला ऐकून एक रेकॉर्डिंगवाला मागे लागला. त्याला स्टुडिओत करायचं नव्हतं. रेवदंड्याच्या अलीकडे एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता, तो त्याने बघून ठेवला होता. बर्फाच्या लाद्या पाडायच्या हौदांवर जाड लाकडी झाकणं होती, त्यावर मी ड्रम मांडले. तिघांनी एकाच दालनात, एकमेकांकडे बघत वाजवायचं ठरलं. रेकॉर्डिंगवाल्याने आधीच सांगितलं, "एका जागी वाजवलंत तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणार. नंतर कितीही पुसला तरी थोडा राहणार." आम्ही हो म्हटलं. दोन दिवसांत अकरा गाणी झाली. दुपारी जेवायला बासवाल्याच्या आईने डबा पाठवला होता. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. कारखान्यात बर्फ नसून वर्षं झाली होती, तरी भिंतींना हात लावला की गार लागायच्या. त्या दोन दिवसांइतकी मी पुन्हा कधी कोणाच्या जवळ नव्हते.

महिनाभराने पुढचं काम करायला मुंबईला जायचं होतं. बासवाला येऊ शकला नाही. त्याच्या वडिलांचा हात इंजिनच्या पट्ट्यात सापडला होता आणि दुकान त्याच्यावर पडलं होतं. गिटारवाला आणि मी गेलो. रेकॉर्डिंगवाल्याच्या खोलीत पडद्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी रेघ दिसत होती. गिटारवाला एकेक रेघ बंद करून ऐकायला लागला. आधी स्वतःची दुसरी गिटार काढली, मग एका गाण्यातला स्वतःचा आवाज अर्ध्यावर काढला. मग त्याने बास बंद केला.

खोली रिकामी झाल्यासारखी वाटली. त्या रिकाम्या जागेत माझे ठोके आणि त्याचं बोलणं असं एकमेकांपासून लांब उभं राहिलं की माझ्या अंगावर काटा आला. त्याने गाणं पहिल्यापासून लावलं. मग सगळी गाणी तशीच लावली.

"बोल," तो म्हणाला. "कनाला पायजे?"

मला उत्तर देता आलं असतं. तो आमचा मित्र आहे, एवढं उत्तर पुरलं असतं. पण मी खरं तेच सांगितलं. "असं जास्त चांगलं वाटतंय."

मी आजही हेच म्हणेन. ते जास्त चांगलं होतं. त्यामुळेच या गोष्टीकडे वळून बघताना माझी पंचाईत होते.

बासवाल्याला अलिबागच्या एस.टी. स्टँडवर सांगितलं. गिटारवाल्यानेच सांगितलं, दोन वाक्यांत. रेकॉर्डवर बास नसेल. आणि यापुढे दोघंच वाजवू. तो किहीमच्या गाडीची वाट बघत होता, खांद्याला बासची पिशवी. तालीम आहे असं समजून आला होता. त्याने गिटारवाल्याला काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुलाबी तसंच वाटतं?"

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मी समोरच्या फलाटावरची पाटी वाचत राहिले. रोहा, नागोठणे, महाड. 'हो' म्हणाले नाही आणि 'नाही'ही म्हणाले नाही. मुरूडची गाडी लागली होती. तो "बरं," म्हणाला आणि चढला. पिशवी दारात अडकली, ती त्याने आडवी करून आत घेतली. गाडी निघाली तेव्हा तो पलीकडच्या बाजूला बसला होता, मला दिसला नाही.

रेकॉर्ड निघालं. पांढरं कव्हर, वर काही नाही. थोड्या प्रती निघाल्या, थोड्या खपल्या. दोघांनी आम्ही वर्ष-दीड वर्ष वाजवलं. आता मधे पडणारं कोणी नव्हतं. गिटारवाला आणि मी एका गॅरेजमध्ये तासभर एकमेकांशी न बोलता बसू शकायचो. त्याने आणखी काढायला सुरुवात केली. गाण्यांतल्या ओळी गेल्या, मग गिटारच्या तारा गेल्या, शेवटी दोनच तारा ठेवल्या. एक दिवस त्याने गिटार भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "आता माझंच काय काम उरलंय बघतोय." मला वाटलं, थट्टा करतोय. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. भावाबरोबर ट्रेलरच्या धंद्यात बसला होता. आता उरणच्या बाजूला त्याचा मोठा व्याप आहे, बारा-पंधरा गाड्या, दोन मुलगे. काही वर्षांपूर्वी पेणला एका लग्नात दिसला. जाड झालाय. मी बँडचं काढलं तर म्हणाला, "झालं ते झालं. जेवलीस का?"

मी बी.एड. केलं आणि मला इकडे नोकरी लागली. लग्नाचं एक-दोनदा जमत आलं, जमलं नाही, मग वडील गेले आणि विषयच संपला. हरिहरेश्वरला शनिवार-रविवारी देवदर्शनाला आणि समुद्रावर माणसं लोटतात. सोमवारी गावात मी, माझी घरमालकीण आणि कुत्री एवढंच उरल्यासारखं वाटतं. मी शाळेतून येते, भात टाकते, वह्या तपासते. ड्रम मी वाडीतल्या गायन पार्टीला देऊन टाकले होते. बोटं मात्र राहिली. वह्या तपासताना टेबलावर वाजत असतात. एकदा घरमालकीण वर आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्याकडे कोणी दार ठोकतंय का मघापासून?"

अलिबागला भावाकडे जायचं तर सोपा रस्ता दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा आणि पुढे मुरूड. मी अकरा वर्षं त्या रस्त्याने गेले नाही. म्हसळा, माणगाव, पेण असा दुप्पट वळसा घालून जायचे. भाऊ म्हणायचा, "तुला बोट लागते का?" मी हो म्हणायचे.

गेल्या वर्षी शाळेच्या फोनवर माझ्यासाठी फोन आला. पुण्याहून एक मुलगी बोलत होती. तिने बँडचं नाव घेतलं आणि विचारलं, "ताई, ड्रम वाजवायच्या त्या तुम्हीच ना?" ऑफिसात क्लार्क समोर बसले होते. मी 'हो' म्हणाले आणि माझा आवाज मला अनोळखी वाटला.

आमचं रेकॉर्ड कोणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं आणि ते हातोहात पसरलं होतं. पुण्यात, कोलकात्यात, शिलाँगला पोरंपोरी ते ऐकत होती. तिचा स्वतःचा बँड होता, तिघी मुलींचा. रविवारी दुपारी त्यांचा कार्यक्रम होता, चार बँड, आणि प्रत्येक बँड आमचं एक गाणं वाजवणार होता. "तुम्ही याल? वाजवायला नको. नुसतं बसा."

मी गेले. शनिवारी माणगावला एका मैत्रिणीकडे उतरले आणि सकाळच्या गाडीने ताम्हिणीतून पुण्याला. जागा म्हणजे एका जुन्या कारखान्याचं दालन, शंभरेक तरुण माणसं उभी. मी मागच्या भिंतीला लागून एका खुर्चीवर बसले. साडी नेसलेली मी एकटीच होते. शेजारच्या मुलाने मला कोणाची तरी आई समजून पाण्याची बाटली आणून दिली.

पहिला बँड वर आला तेव्हा मी पहिल्यांदा ड्रमकडेच बघितलं. झांज नव्हती. दुसऱ्याकडेही नव्हती. चारही बँडना झांज नव्हती. ती मुलं आमच्यासारखीच एकमेकांपासून लांब उभी राहायची, मधे जागा सोडून, आणि गाणारी जवळजवळ बोलायची. कोणी बंगालीत, कोणी मराठीत. माझा एक ठोका होता, तिसरा ठोका गाळून चौथा जड मारायचा. ती वाडीतल्या काकांची सवय होती. तो ठोका आसामातल्या एका मुलाच्या हातून जसाच्या तसा निघाला. मला अभिमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. पण जास्त करून असं वाटत होतं की मी घरात नसताना माझ्या घरात ही सगळी राहून गेली आहेत आणि भांडी धुऊन जागच्या जागी लावून गेली आहेत.

त्या मुलींचा बँड शेवटी होता. वाजवायच्या आधी त्यांनी एक बासचा स्पीकर उचलून बाजूच्या खोलीत नेला, त्यावर गोधडी टाकली आणि दार लावून घेतलं. बास वाजवणारी इकडे स्टेजवर, आवाज मात्र भिंतीपलीकडून. नीट ऐकू येत नाही आणि नाहीसाही होत नाही असा.

कार्यक्रम झाल्यावर फोन केलेली मुलगी माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. बाकीच्या दोघीही आल्या. मी विचारलं, "तो स्पीकर आत का ठेवला?"

"तुमच्या रेकॉर्डवर आहे ना ते," ती म्हणाली. "ड्रमच्या मागे एक गुणगुण आहे. पलीकडच्या खोलीत कोणीतरी बोलतंय आणि शब्द कळत नाहीत, अशी. आम्ही वर्षभर ती शोधतोय. काय होतं ते, ताई? कसं केलंत?"

मला लगेच कळलं. रेकॉर्डिंगवाल्याने बासची रेघ पुसली होती, पण माझ्या ड्रमच्या माइकमध्ये शिरलेला बास तसाच राहिला होता. अकरा गाण्यांत तो अख्खा होता, माझ्या हातांच्या मागे. मी ते रेकॉर्ड एकदाच ऐकून कपाटात ठेवलं होतं. मला तो ऐकू आलाच नव्हता, आणि या पोरींना सगळ्यात आधी तोच ऐकू आला होता.

तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "बर्फाचा जुना कारखाना होता. तिथलाच काहीतरी आवाज असेल."

"मशीनचा?"

"असेल."

तिने मान डोलावली आणि कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. फोटोत मी मधे उभी आहे. परतीच्या गाडीत ताम्हिणीपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून होते. स्टँडवर गप्प बसले तेव्हा मी वीस वर्षांची होते, घाबरले होते, असं काहीबाही स्वतःला सांगता यायचं. आज मी चाळिशी ओलांडलेली बाई, समोर तीन मुली मायेने विचारतायत, आणि मी त्याला मशीन केलं.

पुढच्या रविवारी मी दिघीला गेले आणि फेरीबोटीत चढले. आगरदांड्याला उतरून विचारायची गरज पडली नाही. दुकान त्याच जागी होतं, पत्रा नवा. बाहेर उघडं इंजिन आणि त्यावर वाकलेला माणूस. केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी उभी राहिले. त्याने वर बघितलं, चष्मा लावला आणि परत काढला.

"बस," म्हणाला. "हात धुऊन येतो."

मी स्टुलावर बसले. तो आला, दुसऱ्या स्टुलावर बसला. मी सगळं सांगितलं, रेकॉर्ड, पुणं, स्पीकरवरची गोधडी. मग फोनवर पहिलं गाणं लावलं. त्याने फोन कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं. बाहेर बोटीचं इंजिन चालू होतं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दुसरं गाणं सुरू झालं आणि मधेच तो म्हणाला, "हितं चुकलोय."

"कुठे?"

"हितं. बोट तारेवर एक घर वर गेलं. ऐक." त्याने फोन माझ्या कानाला लावला. मला नुसती घुमणारी सावली ऐकू आली, चूक नाही. "तेव्हाबी मला म्हाईत होतं," तो म्हणाला, "परत करू या म्हणणार होतो. तुम्ही दोघं खूष दिसलात म्हणून गप बसलो."

त्याने सगळी गाणी ऐकली. फोन परत दिला.

मी म्हणाले, "त्या दिवशी स्टँडवर मी बोलायला हवं होतं."

"तू बोलली असतीस तर तो थांबला असता का?"

"नाही."

"न्हायच थांबला असता."

"तरी बोलायला हवं होतं."

तो हातातल्या फडक्याने बोटं पुसत राहिला. "व्हय," म्हणाला. "हवं होतं." मग फडकं बाजूला ठेवून, "त्याचं मला तेवढं लागलं न्हाय. तो तसाच होता. तुझं लागलं. पाच-सहा वर्षं लागत राहिलं. मग बाबा गेले, पोरगी झाली, कामं वाढली."

माफी मागितली तर त्याला माफ करावं लागेल, आणि त्याने ते उगाच केलं असतं. त्याच्या बायकोने आतून चहा आणला. तिने मला ओळखलं नाही आणि त्याने ओळख करून दिली, "कॉलेजातली." चहा पिऊन मी तिथूनच पुण्याला फोन लावला. त्या मुलीला सांगितलं की मी तिला खोटं सांगितलं होतं. ती गुणगुण म्हणजे बास आहे, वाजवणारा माणूस माझ्यासमोर बसलाय, आम्ही त्याला रेकॉर्डवरून काढून टाकला होता. मग तिने विचारलं, "ते बोलतील?"

मी फोन पुढे केला. त्याने मान हलवून नको म्हटलं. पण मग मलाच म्हणाला, "तिला सांग, तारांच्या खाली, टोकाला, रबराची पट्टी दडपायची. इंजिनच्या पॅकिंगचं रबर. म्हणून तसा दबका यायचा. गोधडी बिधडी नको." मी ते शब्दन् शब्द सांगितलं. तिने लिहून घेतलं. मला त्या रबराबद्दल काहीच माहीत नव्हतं. साडेतीन वर्षं त्याच्या शेजारी बसून वाजवलं होतं.

ऊन उतरायच्या आत मी परत निघाले. तो जेट्टीपर्यंत आला नाही. दुकानाच्या दारात उभा राहिला आणि कोणाचा तरी फोन आला तेव्हा आत गेला.

त्या तिघी मार्चमध्ये आगरदांड्याला जाऊन आल्या. मला त्यांनी आधी कळवलं नव्हतं. दहावीची परीक्षा चालू होती, कळवलं असतं तरी मला निघता आलं नसतं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फोनवर व्हिडिओ आला. दुकान झाडलेलं. एका मुलीची बास त्याच्या मांडीवर, चष्मा नाकावर, आणि बोटं आधी अडखळतात, मग चालायला लागतात. पहिलं गाणं, मग दुसरं. तो सलग वाजवत होता आणि त्या तिघी जमिनीवर बसून ऐकत होत्या. गिटार नाही, गाणारं कोणी नाही. ड्रमही नाही. मागे त्याची मुलगी दाराला टेकून उभी होती आणि बापाकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत होती. बास एकट्याने वाजतो तेव्हा एवढा सुरेल असतो हे मला माहीत नव्हतं. त्या गाण्यांत माझी उणीव कुठेही भासत नव्हती.

शेजारच्या विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "काय ऐकताय, बाई?"

"ओळखीचे आहेत एक," मी म्हणाले. "पूर्वी आम्ही एकत्र वाजवायचो."

"तुम्ही? काय वाजवायचात?"

मी त्यांना सांगायला लागले, पण दोन वाक्यं झाली आणि घंटा वाजली. त्यांना पर्यवेक्षणाला जायचं होतं. "सावकाश सांगा हं मग," म्हणत त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलून गेल्या. मी त्या मुलीला उत्तर लिहायला घेतलं, पुष्कळ लिहिलं, पुसलं, आणि शेवटी एवढंच पाठवलं की वाजवणं छान झालंय, आणि त्यांच्या बोटांची सालं निघाली असतील तर त्यांना हळद लावायला सांग. मग खडू घेऊन मी नववीच्या वर्गावर गेले.